चावी घेऊन पळाले आमचे साहेब

आमच्या साहेबांइतका भित्रा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं आपण सगळेच बोलण्याच्या ओघात म्हणतो. साहेबांच्या पाठीमागे मात्र तो राक्षस रोजच्या हजेरीवर होता आणि रविवारची सुट्टीसुद्धा घेत नव्हता. कुत्र्याला ते भीत, हे समजू शकतं. पण ते बांधलेल्या कुत्र्याला भीत, झोपलेल्या कुत्र्याला भीत, आणि एकदा लोणंदच्या स्टेशन रस्त्यावर पिठाच्या गिरणीबाहेर पडलेल्या तपकिरी पोत्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूने गेलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. लिफ्टमध्ये ते चढत नसत, कारण ती अडकेल. जिन्याने जाताना कठडा सोडत नसत, कारण पाय घसरेल. एसटीत नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत आणि सालपे घाट लागला की पुढे वाकून म्हणत, "मला काही घाई नाही हं." एका ड्रायव्हरने शेवटी वैतागून सांगितलं, "सायेब, तुमाला न्हाई, पर मागच्या चाळीस जनांला हाय की!" साहेबांनी मागे वळून त्या चाळीस जणांची क्षमा मागितली आणि पुढच्या वळणाला पुन्हा तेच म्हणाले. त्यांच्याकडे स्कूटर नव्हती, मोटरसायकल नव्हती, पण कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून ते घरापासून चालत यायचे. वरून नारळ पडला तर, असं त्यांचं म्हणणं. मी मुद्दाम पाहिलं, त्या सबंध रस्त्यावर नारळाचं एकही झाड नाही.

बरं, हा माणूस जन्मला कुठे, तर साताऱ्याजवळच्या अशा गावात, जिथे घरटी एक तरी माणूस फौजेत. आजोबा फौजेत, वडील सुभेदार होऊन निवृत्त झालेले, दोन्ही धाकटे भाऊ सीमेवर. गावच्या जत्रेला मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. देवळाकडे आपटबार उडाला आणि साहेब भरल्या ताटावरून उठून माजघरात गेले. सुभेदार तात्यांनी मिशीवरचा रस्सा पुसत माझ्याकडे पाहिलं. "ह्याला भरतीला न्हेला व्हता मी. डाक्टरनं छाती मोजायला टेप काढली, तर ह्यो म्हनला, साप! आवो, आमच्या घराण्यात ह्यो कुनावर गेला, कुनाला ठाव!" तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या म्हातारीने आतूनच ठणकावलं, "माज्यावर गेलाय! तुमी तिकडं बॉर्डरवर हुता तवा हितं रोज घाबरून कोन मरत हुतं?" तात्या रस्सा वाढून घेऊ लागले. साहेब आतून बाहेर येऊन पुन्हा ताटावर बसले, जसं काही पाणी प्यायलाच गेले होते.

तर असे हे साहेब आमच्या कंपनीचे मॅनेजर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा सुपरवायझर. मी मूळचा पलूसकडचा. घरी द्राक्षबाग आहे, पण भावाभावांत ती एवढी वाटली गेली की माझ्या वाट्याला फक्त फवारणीचा वास आला, म्हणून इकडे नोकरीला लागलो. लोणंदच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग करायचे, एवढंच काम. सहा प्रेस मशीनं, त्यातलं सगळ्यात मोठं धूड म्हणजे रेडा. कागदोपत्री त्याला काहीतरी नंबर आहे, पण सगळे रेडाच म्हणतात. खाली पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, की वरचा साचा धाडकन खाली येतो आणि भाग तयार. मधे हात असला तर हाताचाही भाग तयार. म्हणून समोर एक सेन्सर बसवलेला असतो. त्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण त्यात बोट जरी गेलं तरी रेडा वरच्या वर थांबतो. पण सेन्सरमुळे काम सावकाश होतं, आणि सावकाश हा शब्द आमच्या धंद्यात शिवीसारखा आहे. त्यासाठी पॅनेलवर एक छोटं कुलूप असतं. त्यात चावी घालून फिरवली की सेन्सर झोपतो आणि रेडा उधळतो. खरं तर ही चावी साचे बदलायला येणाऱ्या माणसासाठी दिलेली. पण काही ठिकाणी ती त्या कुलपातून बाहेरच येत नाही. आमच्याकडे ती साहेबांच्या गळ्यात असायची. काळ्या दोऱ्यात ओवून, बनियनच्या आत, ताईतासारखी. वहिनी म्हणायच्या, "आंघोळीलासुद्धा काढत नाहीत हो भावजी. एवढं माझं मंगळसूत्रसुद्धा मी जपत नाही."

मी नवीन लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी शिफ्ट सुटताना मला वाटलं, आपण चुकून कुठल्या तरी मठात नोकरी धरली. गेटवर साहेब उभे, आणि बाहेर पडणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर दोन्ही पंजे पसरून दाखवतोय. साहेब पुटपुटतायत, "दहा. दहा. दहा. जा. दहा." मला वाटलं काही जप वगैरे चालू आहे. मग कळलं, ते बोटं मोजतात. रोज. शिफ्ट सुटताना. एका फिटरची एक करंगळी जुन्या कारखान्यात गेलेली. तो आला की साहेब म्हणत, "नऊ, बरोबर," आणि समाधानाने मान डोलवत. पॅकिंगमधल्या एकाला जन्मतः सहावं बोट, त्याला "अकरा, शाब्बास!" तो बिचारा त्या शाब्बासकीवर एवढा खूश होता की लग्नाआधी ते बोट काढून घ्यायचा विचार त्याने रद्द केला. एकदा साहेब तापाने घरी होते, तर मोजणीचं काम गेटवरच्या नव्या वॉचमनकडे दिलं. फिटर आला, वॉचमनने नऊ मोजली आणि त्याची बोबडीच वळली. सायरन वाजवला, डॉक्टरला फोन केला, रेड्याखाली वाकून बोट शोधायला माणसं लावली. फिटर ओरडून सांगतोय, "अरं, ते बारा वर्सांपूर्वीच गेलंय!" पण ऐकतो कोण. साहेबांना कळलं तेव्हा ते ताप घेऊनच आले, हेल्मेट घालून, आणि वॉचमनला म्हणाले, "चांगलं केलंस. असंच घाबरत जा."

आमच्या रेड्यावरचा ऑपरेटर तानाजी साहेबांची फार टिंगल करायचा. उंचापुरा, तोंडाळ माणूस, आणि कामात एवढा वाघ की त्याचा हात कधी साच्यात जातो आणि कधी बाहेर येतो ते कळत नसे. "सायेब, पायाची बी मोजा की! बूट काडतो," असं तो रोज म्हणायचा. साहेब म्हणत, "पाय तू मशीनमध्ये घालत नाहीस." "लय पिडलं तर घालीन!" असं म्हणत तो हसत जायचा. पण जाताना पंजे मात्र नीट पसरून दाखवायचा.

सकाळी यायच्या वेळी मोजणी नसे, पण प्रश्न असे: "झोप झाली का?" नाही म्हणाला की त्या माणसाला मशीनवर उभं करायचं नाही, मालाची निवड करायला बसवायचं. लोक काय हो, बोट दिलं की मनगट धरणार. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी अर्ध्या कंपनीची झोप झालेली नसायची आणि निवडीच्या टेबलाभोवती पंगत बसल्यासारखी गर्दी. मी एकदा चिडून म्हणालो, "साहेब, हे तुम्हाला फसवतात." ते म्हणाले, "कळतं मला. पण त्यातला एक जण खरं बोलत असला तर? मला तो कुठला हे ओळखता येत नाही ना." अशा वेळी ते स्वतः हातमोजे घालून रिकाम्या मशीनवर उभे राहत. दर वेळी साचा खाली आला की दचकत. दिवसभरात हजार वेळा दचकत असतील, पण काम पुरं करत.

ज्याला ते खरंखुरं भीत, तो मात्र पुण्यात होता. आमचे डायरेक्टर, त्यांना आम्ही मोठे सर म्हणतो. त्यांचा फोन वाजला की साहेब आधी उभे राहत, मग शर्टाचं वरचं बटण लावत, मग फोन उचलत आणि पलीकडून आवाज यायच्या आधीच म्हणत, "हो सर." एकदा पलीकडून म्हणे विचारणा झाली, "मी काय म्हणालो ते कळलं का?" साहेब म्हणाले, "हो सर." "मी अजून काही बोललोच नाहीये." "हो सर." हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना स्वतः हसले. पण त्या फोननंतर त्यांचं पोट बिघडायचं ते दोन दिवस. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आम्लपित्ताच्या गोळ्यांची पाकिटं असत, आणि आम्ही दोघंही त्या शेंगदाण्यासारख्या खायचो, कारण खरं सांगायचं तर मीही काही शूरवीर नव्हतो. फरक एवढाच की वरून आलेली शिवी त्यांच्या टेबलापर्यंत यायची आणि तिथेच मुक्काम करायची. खाली कधी उतरली नाही. अर्धा तास बोलणी खाऊन ते बाहेर यायचे, तोंड पांढरंफटक, आणि मला विचारायचे, "अहो पवार, चहा झाला का तुमचा?" मी अनेक साहेब पाहिले, पुढेही पाहीन. बोलणी खाऊन आल्यावर चहाचं विचारणारा हा एकच.

त्यांना एवढं भ्यायला झालं तरी काय, हे मला वर्षभराने कळलं. कांद्याच्या बाजाराचा दिवस होता, रस्ताभर ट्रक अडकलेले, आणि आम्ही टपरीवर चहा घेत थांबलो होतो. साहेब चहा फुंकत होते, थंड झालेला चहासुद्धा ते फुंकत. अचानक म्हणाले, "पवार, मी पूर्वी सांगलीकडे एका कारखान्यात होतो. तिथेही असाच प्रेस होता. वरून फोन आला, चावी फिरवा. मी म्हणालो, हो सर. एक वाजता फिरवली. तीन वाजता एका माणसाची चार बोटं गेली." ते पुढे म्हणाले, "साच्यातून ती मीच गोळा केली. फडक्यात. मग अहवाल लिहायला सांगितलं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. खाली सही माझी. मग मला बढती मिळाली." ट्रकांचे हॉर्न वाजत होते. साहेब नेहमी दचकायचे, तेव्हा दचकले नाहीत. "माझा स्वभाव असा आहे, समोरचा मोठ्याने बोलला की माझ्या तोंडून हो निघून जातो. आतून नाही म्हणत असलो तरी तोंड हो म्हणतं. म्हणून मी माझ्या तोंडाच्या भरवशावर राहत नाही, चावी गळ्यात ठेवतो." मग कप ठेवून त्यांनी रस्ता ओलांडायला माझा हात धरला. त्या दिवसापासून मला त्यांची थट्टा करणं जरा जड जाऊ लागलं.

आणि मग दसऱ्याच्या आधीचा तो आठवडा आला. शनिवारच्या आत एवढे एवढे भाग पाहिजेतच, असं पुण्याहून ठरलं. सेन्सर चालू ठेवून रेड्याने ते रविवारपर्यंत केले असते. गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो. साहेब उभे राहिले, बटण लावलं. "हो सर. हो सर. सेन्सर बायपास... हो सर. आजच... हो सर. माझी जबाबदारी... हो सर." फोन ठेवला, तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम टेबलावर टपकत होता. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस गळ्यातला दोरा काढणार. ते म्हणाले, "अहो पवार, जरा जाऊन येतो." डबा घेतला, छत्री घेतली, हेल्मेट घातलं. जरा जाऊन येणारा माणूस डबा कशाला नेईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

तासाभराने वॉचमन सांगत आला, "सायेब तवाच रिक्षात बसून स्टँडवर गेले की!" मी फोन लावला तर तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये वाजायला लागला, हातरुमालात गुंडाळून ठेवलेला. संध्याकाळी वहिनींचा फोन. बाई रडत होत्या की रागावल्या होत्या, कळेना. "भावजी, हे आटपाडीला गेलेत. माझ्या माहेरी! मला न घेता! वीस वर्षांत कधी एकटे एसटीने तालुक्याबाहेर गेले नाहीत. माझा भाऊ म्हणतो, दाजी आलेत आणि माळ्यावर जाऊन बसलेत." तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसाला नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून हो म्हणून चावीसकट पळून गेला! मी एकटाच बसून हसलो, पोट धरून हसलो, आणि मग एकदम थांबलो, कारण साहेबांच्या खालोखाल त्या कंपनीत मीच होतो.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मोठ्या सरांचा फोन मला आला. मी उभा राहिलो. साहेबांना हसायचो, पण मीही उभा राहिलो. सर ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "चावी नाही ना? मग वायर टाकून चालव. इलेक्ट्रिशियनला पाच मिनिटांचं काम आहे. की तुझंही पोट दुखतंय? तसं असेल तर सांग, तुझ्या जागी बसायला माणसं आहेत." माझ्या डोळ्यांसमोर घर आलं, बायको आली, मोठीचं कॉलेज आलं. मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ मला नाही म्हणायचं होतं. माझं तोंड म्हणालं, "हो सर."

इलेक्ट्रिशियनने पॅनेलमध्ये वायर टाकली आणि चावीशिवायच सेन्सर झोपला. मी तानाजीजवळ गेलो. त्याने पॅनेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. "सायेब कुठं हायत?" "रजेवर." "त्येंनी सांगितलं हे?" मी म्हणालो, "वरून सांगितलंय." तानाजी बराच वेळ हातमोजे चढवत राहिला. मग म्हणाला, "तुमी सांगताय, आमी चालवतो. पर पवारसायेब, हितून हलू नका. बगत ऱ्हावा."

मी हललो नाही. चाळीस मिनिटं मी रेड्यासमोर उभा होतो आणि चाळीस मिनिटांत माझं वय दहा वर्षांनी वाढलं. काम झपाझप होत होतं, भागांचा ढीग वाढत होता, आणि प्रत्येक दणक्याला माझी बोटं आपोआप मुठीत जात होती. तानाजी पहिली दहा-पंधरा मिनिटं जपून होता. पण माणूस सवयीचा गुलाम. दोन वर्षं साहेबांनी त्याला सवय लावली होती की हात आत गेला तर रेडा थांबतो. एक भाग साच्यात चिकटला, तोवर बटण दाबलं गेलं होतं, आणि रोजच्यासारखा तो हात घालून काढायला गेला. सेन्सरवर भरवसा ठेवून. जो सेन्सर मी झोपवला होता. मी ओरडलो की नाही, मला आठवत नाही. साचा खाली आला आणि तानाजी मागे कोसळला.

त्याने हात वर केला तेव्हा हातमोज्याची दोन टोकं नव्हती. ती साच्यात होती, कातरलेली. मोजा त्याला मोठा होता, स्टोअरमधून नेहमी मोठ्याच मापाचे यायचे म्हणून आम्ही दर महिन्याला तक्रार करायचो. टोकं रिकामी होती. आतली बोटं शाबूत. तानाजी त्या बोटांकडे बघत जमिनीवर बसला होता आणि बडबडत होता, "हायत. हायत की. हायत." मग तो रडायला लागला, एवढा उंचापुरा माणूस, पोरासारखा. मी पॅनेल उघडलं आणि ती वायर उपटून काढली. झाकण तसंच उघडं सोडलं. मग मोठ्या सरांना फोन केला आणि म्हणालो, "सर, वायर टाकल्यावर पॅनेल जळालं. आता सेन्सरशिवाय मशीन चालतच नाही." बघा, तेव्हाही खरं सांगायची हिंमत झाली नाही. खोटंच बोललो.

माल रविवारी रात्री गेला. शनिवारी पाहिजे होता, रविवारी गेला. जगबुडी झाली नाही. सोमवारी साहेब हजर. उतरलेलं तोंड, चुरगळलेला शर्ट, गळ्यात दोरा. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "पवार, सगळे बरे आहेत ना?" मी म्हणालो, "हो साहेब." तानाजी त्यांच्यासमोरून गेला, पण तोही काही बोलला नाही. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तो आपणहूनच गप्प राहिला. का, ते मी त्याला विचारलं नाही.

साहेबांना पुण्याला बोलावलं. तिथे काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. मोठे सर म्हणाले, तुम्ही बेजबाबदार आहात. हो सर. तुम्हाला या पदावर ठेवता येणार नाही. हो सर. मग राजीनामा देताय ना? हो सर. "बाहेर आल्यावर कळलं काय झालं ते," असं म्हणून ते हसले आणि दोरा गळ्यातून काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. त्यांची खुर्ची मला मिळाली, चावी मला मिळाली. त्या दिवसापासून माझं पोटही कायमचं बिघडलं.

गेल्या महिन्यात मी आटपाडीला गेलो. ठरवूनच गेलो होतो, सगळं सांगून टाकायचं म्हणून. एसटीत सगळी वाक्यं मनात जुळवली होती. साहेब आता मेव्हण्याची डाळिंबाची बाग बघतात. बागेत ते मधमाश्यांना भितात, फवाऱ्याच्या पंपाला भितात, ढग आले की गारांना भितात. मला बघून एवढे खूश झाले की बांधावरून धावत आले आणि पडता पडता वाचले. वहिनींनी डाळिंब सोलून वाटीभर दाणे समोर ठेवले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. तानाजी कसा आहे, त्यांनी विचारलं. बरा आहे, मी म्हणालो. सेन्सर चालू आहे ना? चालू आहे. हे मात्र खरं होतं, तेव्हापासून तो एक दिवससुद्धा बंद नाही.

मी घसा खाकरला. म्हणालो, "साहेब, तुम्ही पळालात त्या दिवशी..." त्यांनी हात वर केला. "थांबा. मलाच सांगायचंय. लोक म्हणतात मी भेकडासारखा पळालो. पळालोच. पण पवार, एसटीत बसलो ना, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. का सांगू? तुम्ही मागे होता. मला माहीत होतं, चावी नसली तरी ते वायर टाकायला सांगतील. मी म्हटलं, सांगू देत. तिथे पवार आहेत. पवार नाही म्हणतील. तुम्ही नसता तर मला जाताच आलं नसतं."

वहिनी मान डोलावून म्हणाल्या, "माझा भाऊ सांगत होता, रोज रात्री शांत झोपले हो इथे माळ्यावर. मी नंतर विचारलं तर म्हणाले, पवार आहेत तिथे."

माझ्या हातात डाळिंबाचे दाणे होते. मी ते खाल्ले. छान गोड होते. मी म्हणालो, "छान आहेत." साहेब मला स्टँडपर्यंत सोडायला आले, रस्ता ओलांडताना माझा हात धरून.

साहेब, तुम्हाला वाचायचा नाद आहे, म्हणून हे लिहिलंय. त्या शुक्रवारी मी वायर टाकली होती. चाळीस मिनिटं. तुमच्यासमोर बसून सांगायला आलो होतो, पण मला फार भीती वाटली.